टेबल सगळ्यांचं, क्यू आपली

पूल म्हणजे क्यू नावाच्या लांब काठीने बॉल टेबलाच्या भोकांत घालायचा खेळ. नऊ फुटी पूल टेबलाचा खेळायचा भाग १०० बाय ५० इंच असतो आणि क्यू साधारण ५८ इंचांची. चारी बाजूंनी क्यू मागे घेता यायला हवी, म्हणजे खोली निदान १४ बाय १८ फुटांची लागते. लालबागच्या चाळीत मी वाढले ती खोली याच्या निम्मीही नव्हती. आज मुलुंडला राहते तो फ्लॅट बऱ्यापैकी मोठा आहे, पण त्याच्या हॉलमध्येही टेबल मावणार नाही. मुंबईत हा खेळ खेळणाऱ्या बहुतेकांचं असंच आहे. टेबल दुसऱ्याचं, वरचं कापड दुसऱ्याचं, बॉल, दिवे, एसी, सगळं दुसऱ्याचं आणि तासाच्या हिशेबाने घेतलेलं. त्यात एकच वस्तू आपली असू शकते, ती म्हणजे हातातली क्यू.

म्हणून पार्लरमध्ये कुणी नवीन मुलगा किंवा मुलगी जवळ येऊन "ताई, क्यू घ्यायचीय, कुठली घेऊ?" असं विचारतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. कुठली हा प्रश्न पुढचा. स्वतःची घ्यायची हे ठरलं, तिथेच मोठं काम झालं. महागड्या क्यूने खेळ सुधारतो असं मी म्हणत नाही. रोज तीच क्यू हातात असली की सुधारतो, असं म्हणते. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

पार्लरच्या रॅकवरच्या क्यू आठवून बघा. एकीची टिप, म्हणजे टोकाला चिकटवलेलं चामडं, घासून घासून फेरूलपर्यंत, म्हणजे तिच्या मागच्या टोपणापर्यंत, आलेली, दुसरीची टिप दबून कडेने बाहेर सुटलेली, तिसरी किंचित वाकलेली, चौथी धरली की हाताला चिकटते. एक १८ औंसांची, शेजारची २१ ची. शनिवारी हातात आलेली क्यू मंगळवारी दुसऱ्याच टेबलावर असते. ती सरळ आहे का हे बघायला सगळेच तिला टेबलावर लोळवतात, पण ही परीक्षा पूर्ण खरी नाही. दोन तुकड्यांच्या जोडाच्या जागी जरा फरक असला तरी चांगली क्यू डगमगत लोळते. बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड भाग, डोळ्याशी धरून टोकापर्यंत नजर टाकायची आणि हळूहळू फिरवायची, हे जास्त भरवशाचं. पण समजा रॅकवर एखादी सरळ सापडलीच, तरी आपण तिला ओळखत नाही आणि खरी अडचण तीच असते.

व्हाइटच्या, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलच्या, मधोमध मारलं तर क्यू रोखली आहे तिकडेच तो जातो. साइड, म्हणजे बाजूची फिरकी, द्यायची म्हणून उजवीकडे मारलं की गोष्ट बदलते. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो, शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाच्या, टोकाला बाजूला ढकलतो आणि स्वतः थोडा डावीकडे सरकून निघतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. तो किती सरकेल हे शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं. टोक जड असेल तर बॉल जास्त सरकतो, हलकं असेल तर टोकच बाजूला होतं आणि बॉल बराचसा सरळ राहतो. १९९० च्या दशकात प्रिडेटर या अमेरिकन कंपनीने शाफ्टचं पुढचं टोक आतून पोकळ करून हलकं केलं. 'लो डिफ्लेक्शन' हे शब्द तेव्हापासून खेळाडूंच्या तोंडी बसले. पुढे कार्बन फायबरचे शाफ्ट आले, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. पण कोणत्याही शाफ्टमध्ये हे सरकणं शून्य होत नाही. प्रत्येक क्यूचं आपापलं माप असतं, आणि ते माप डोकं नाही, हात शिकतो. एकाच क्यूने खूप दिवस खेळलं की साइड देताना आपण किंचित वेगळीकडे रोखायला लागतो, ते आपल्या लक्षातही येत नाही. रोज वेगळी क्यू घेणाऱ्याचा हात हे शिकणार कसा? आज शिकलेलं उद्या खोटं ठरतं. मग तो साइड द्यायलाच घाबरतो आणि खेळाचा अर्धा भाग त्याला बंद होतो.

मुंबईतल्या मराठी घरांतून येणाऱ्या मुलांबद्दल एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ही मुलं पॉट, म्हणजे बॉल भोकात घालणं, फार लवकर करायला लागतात. कारण उघड आहे, कॅरम. चाळीच्या गॅलरीत पिवळ्या बल्बखाली बोर्ड मांडून, बोरिक पावडर उडवत ज्याने बारीक कट, म्हणजे सोंगटीच्या कडेला लागणारे फटके, काढले आहेत, त्याला बॉल कुठे लागायला हवा हे समजावून सांगावं लागत नाही. सोंगटीच्या मागे स्ट्रायकर जिथे पोचायला हवा ती जागा त्याला हवेत दिसते. पूल शिकवणारे 'घोस्ट बॉल' म्हणतात ती हीच. माझ्या दोघा भावांबरोबर राणी आणि कव्हरसाठी भांडत मी ती शिकले होते, पूलचं टेबल प्रत्यक्ष पाहण्याच्या कितीतरी आधी.

पण कॅरमची एक सवय इथे आड येते, आणि ती कुणी सांगत नाही. कॅरममध्ये मारून झालं की स्ट्रायकर पुन्हा आपल्या हातात येतो, आपण तो पट्टीवर हवा तिथे ठेवतो. त्यामुळे सोंगटी गेल्यावर स्ट्रायकर कुठे जाऊन थांबला याची फिकीर कुणी करत नाही. तो भोकात पडला नाही म्हणजे झालं. पूलमध्ये व्हाइट जिथे थांबला तिथूनच पुढचं मारायचं असतं. म्हणून कॅरमवाली मुलं एकामागून एक तीन सुंदर पॉट करतात आणि चौथ्याला कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून अडकतात. पॉट हा निम्मा फटका आहे हे पटायला त्यांना वेळ लागतो. मला तर फारच लागला.

त्यावर उपाय आहे, आणि तो आकड्यांत सांगता येतो. व्हाइट न लोळता नुसता सरकत जाऊन लागला, म्हणजे स्टन बसला, तर तो समोरच्या बॉलच्या वाटेशी ९० अंशांचा कोन करून निघतो. तोच लोळत जाऊन लागला, तर कट फार बारीक किंवा फार जाड नसेल तेव्हा तो आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. एवढे दोन कोन डोळ्यांत बसले तरी व्हाइट कुठे जाणार हे मारायच्या आधी दिसायला लागतं. स्क्रू (मागची फिरकी) आणि फॉलो (पुढची फिरकी) म्हणजे या दोन कोनांच्या अलीकडे-पलीकडे जायची साधनं. मी मुलांना पहिला महिना साइड देऊच देत नाही, हे दोन कोनच घोटायला लावते. त्यांना कंटाळा येतो. येऊ दे.

मला हे शिकवलं ते एका मार्करकाकांनी. आपल्याकडच्या जिमखान्यांत बिलियर्ड्‌स रूम सांभाळणाऱ्या माणसाला मार्कर म्हणतात. गुण मांडायचे, बॉल जागेवर ठेवायचे, ब्रश मारायचा, स्नूकरच्या, म्हणजे मोठ्या टेबलावरच्या याच जातीच्या खेळाच्या, कापडाला इस्त्री करायची हे त्याचं काम. स्नूकरच्या कापडाला लव असते, म्हणून ब्रश आणि इस्त्री लवेच्या दिशेनेच फिरवावी लागते. पूलचं कापड बिनलवेचं, त्यावर बॉल वेगाने पळतो. हा फरकही मला काकांनीच हाताने चाचपायला लावून दाखवला. दिवसभर मेंबरांचा खेळ बघून बघून या मंडळींचा डोळा इतका तयार झालेला असतो की पुष्कळदा खोलीतला सर्वांत जाणता माणूस भिंतीशी स्टुलावर बसलेला असतो. ऑफिसच्या टीममुळे मला माटुंग्याकडच्या एका जिमखान्यात जायला मिळायचं. मेंबर यायच्या आधीच्या रिकाम्या तासात काका मला स्ट्रोक शिकवत. सोड्याची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून टिप आत-बाहेर करायची, काचेला न लावता. टिप काचेला लागली की किणकिण व्हायची आणि स्टुलावरून मालवणीत हाक यायची, "गो बाय, घाई कित्याक करतंस?" कोपराच्या खालचा हात तेवढा हलायला हवा, खांदा अजिबात नाही, हनुवटी क्यूला जवळजवळ टेकलेली, मारण्याआधी मागे क्षणभर थांबा, आणि मारल्यावर क्यू बॉलच्या पार पुढे जाऊ दे. कॅरमची टिचकी बोटातच संपते, आणि तेच काकांना माझ्या हातातून काढायचं होतं. बाटलीने ते काढलं.

टिप लावणं हीही त्यांचीच विद्या. क्यूबद्दल चर्चा सुरू झाली की सगळे लाकूड, जोड, नक्षी यांवर बोलतात. बॉलला मात्र क्यूचा एकच भाग लागतो, तो चामड्याचा छोटासा गोल. कातडी टिपचं श्रेय फ्रान्सच्या मँगो यांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुरुंगात असताना त्यांनी ती बसवली असं सांगतात. त्याआधी नुसत्या लाकडाने मारायचे, मग बॉलला फिरकी देणार कशी? टिपला घासायच्या चॉकची गोष्ट १८९७ ची. अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. शाळेच्या खडूशी त्याचा काही संबंध नाही. त्यात वाळूसारखी खरखरीत, घासणारी द्रव्यं असतात, म्हणूनच टिप बॉलला पकडते. चॉक कितीही चांगला असला तरी बॉलच्या मध्यापासून अर्ध्या त्रिज्येच्या पलीकडे मारलं तर टिप घसरतेच. मर्यादा तिथे आहे.

काका जुनी टिप ब्लेडने कापून टाकत, फेरूलचं तोंड पॉलिश पेपरवर अगदी सपाट करत. यात कसर राहिली तर पुढचं सगळं वाया, असं त्यांचं म्हणणं. टिपची मागची बाजूही तशीच घासायची. गोंद अगदी थोडा, फेविक्विकच्या जातीचा. टिप बसवून दाबून ठेवायची आणि वाळेपर्यंत दुसरं काही करत बसायचं. मग क्यू उलटी करून टिप लाकडी फळीवर टेकवायची आणि बाहेर आलेली कड ब्लेडने खालच्या दिशेने कापत फिरवायची. शेवटी कड ओल्या बोटाने ओली करून जाड कागदाने घासायची, की ती चकचकीत आणि टणक होते. मग टिप कडेने फुगत नाही. वरची गोलाई एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी. पूलच्या क्यूची टिप १२ ते १३ मिलिमीटरची असते, स्नूकरची साडेनऊ-दहाची, म्हणून स्नूकरच्या टिपला हात आणखी हलका लागतो. आता डुकराच्या कातड्याचे पातळ थर चिकटवून केलेल्या जपानी टिप मिळतात. त्या आकार जास्त दिवस धरून ठेवतात आणि मला आवडतात. पण वाईट बसवलेल्या महाग टिपपेक्षा नीट बसवलेली साधी टिप कितीतरी बरी.

आपल्या शहराची हवा हा या खेळातला तिसरा खेळाडू. जूनपासून कापड ओलं होतं, बॉल जड पळतो, शाफ्ट अंगठ्याखाली अडकायला लागतो. मेपलचं लाकूड दमट हवेत पाणी पितं. क्यू भिंतीला तिरपी टेकवून ठेवली किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत विसरली, की वाकण्याची भीती. घरी आल्यावर केसमधून काढून ओलसर फडक्याने, मग कोरड्याने पुसायची. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. शाफ्ट चिकटतो म्हणून दर आठवड्याला पॉलिश पेपर मारणारी मुलं बघितली की माझा जीव तुटतो. दरवेळी लाकूड थोडं थोडं जातं आणि वर्षा-दोन वर्षांत शाफ्ट बारीक होऊन त्याचं वागणंच बदलतं. त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लव्ह घालावा. मी बाराही महिने घालते.

दोन तुकड्यांची क्यू लोकलला फार सोयीची. केस खांद्याला लावून संध्याकाळच्या लेडीज डब्यात चढलं की शेजारची बाई हमखास विचारते, बासरी आहे का. मी चेन उघडून दाखवते. मग शाफ्टवरून हात फिरवला जातो, कितीला, कुठे शिकवतात, मुलींना येऊ देतात का, असे प्रश्न सुरू होतात. ठाणे येईपर्यंत गप्पा रंगतात. एकदा अशीच भेटलेली एक नर्स पुढे खेळायला आली आणि आता तिचा कट माझ्यापेक्षा बारीक जातो.

मुलींना येऊ देतात का, हा प्रश्न मात्र नीट ऐकावा असा आहे. या खेळाचं घर आपल्याकडे दोन जागी आहे आणि दोन्हीकडचे उंबरे वेगवेगळे. स्नूकर १८७५ साली जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झाला, त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तेव्हापासून हा क्लबांचा खेळ, ते त्याचं पहिलं घर. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईत खेळलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी विजेते झाले, वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले पहिले भारतीय. १९६४ साली ते पुन्हा जिंकले. मग आपल्या मुंबईचे मायकल फरेरा आले. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन जागतिक हौशी विजेतेपदं. त्यांनी पद्मश्री नाकारली होती. क्रिकेटमधल्या सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळतं, तर जगज्जेत्या बिलियर्ड्‌सपटूला का नाही, असा त्यांचा सवाल होता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मला त्यांचा तो हट्ट फार मोलाचा वाटतो. आपल्या खेळाची किंमत दुसऱ्याने ठरवावी हे त्यांनी मानलं नाही.

तरीही जिमखान्यांत पूल अजून धाकट्या भावासारखा वागवला जातो आणि ते मला पटत नाही. टेबल लहान, पॉकेट मोठं म्हणून खेळ सोपा, असं बोलणाऱ्यांनी नाइन-बॉलची एक फ्रेम, म्हणजे एक डाव, शेवटपर्यंत साफ करून बघावी. त्यात बॉल आकड्यांच्या क्रमाने खेळायचे असल्यामुळे व्हाइटला प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी न्यावंच लागतं. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राहायचे, तिथल्या टेबलावर झोपायचे. १९९९ मध्ये ते नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. त्यांचा व्हाइट तीन-तीन कुशन घेऊन अडचणीतून वाट काढतो ते पाहिलं की सोपा हा शब्द तोंडातून निघत नाही.

दुसरं घर म्हणजे पार्लर. तिथे वेस्टकोट नाही, मेंबरशिप नाही. चपला घालून कुणीही यावं. तिथली एक रीत मला बदलायला हवी वाटते: हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. बरोबरीच्या दोघांत ठीक आहे, चुरस वाढते. पण नवा माणूस रोज हरतो, रोज पैसे देतो आणि महिन्याभरात यायचा बंद होतो. कॉलेजच्या मुली तर आधीच कमी, त्यांचा पॉकेटमनी यात जातो. आमच्या गटात आम्ही तास वाटून घेतो. पार्लरची दुसरी एक रीत मात्र मी कुठल्याही क्लबाच्या तोडीची मानते. बॉलला चुकून बाही लागली तर ज्याची लागली तोच "फाउल" म्हणतो. रेफरी नाही, कुणी पाहिलेलं नाही, तरी म्हणतो. न म्हणणारा असला तर आठवडाभरात त्याला जोडीदार मिळेनासा होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाने कार्बनचा शाफ्ट घ्यायचा ध्यास घेतला. आयटीतला मुलगा, पगार बरा. त्याच्या मित्राने आपला तसा शाफ्ट मला एक डाव खेळायला दिला. आवाज थोडा पोकळ, हाताला कोरडा, साइड दिल्यावर व्हाइट जवळजवळ रोखला तिथेच. मला तो आवडला. मुंबईपुरतं त्याच्या बाजूने एक खरं कारण आहे: तो वाकत नाही आणि ओल्या फडक्याने पुसला की झालं. दमट हवेत ही फार मोठी गोष्ट. पण तुझ्या हाताला आत्ता कोणत्याच शाफ्टची ओळख नाही, मग बदल कशापासून करणार, असं मी त्याला विचारलं. स्नूकरपटू स्टीफन हेंड्री यांनी ज्या क्यूने स्नूकरची सातही जागतिक विजेतेपदं जिंकली ती लहानपणापासूनची साधी ४० पौंडांची क्यू होती. २००३ साली विमानाच्या सामानात ती तुटली आणि त्यांना सगळं हाताला नव्याने शिकवावं लागलं.

त्याने शेवटी पार्लरमधल्याच एका जुन्या खेळाडूकडून मेपलची, १९ औंसांची, बिननक्षीची क्यू घेतली. लाकूड सरळ होतं, टिप संपलेली होती. मार्करकाका आता गावी सावंतवाडीकडे असतात, आणि पार्लरमध्ये टिप लावून देणारा माणूस राहिलेला नाही. म्हणून रविवारी सकाळी टेबलं रिकामी असतात तेव्हा आम्ही चार-पाच जण कोपऱ्यातल्या बाकावर टिप लावायला बसतो आणि ज्याला शिकायचं त्याला शिकवतो. फळी, गोंद आणि पॉलिश पेपर मी आणते. ब्लेड आपापलं आणायचं, आणि नवीन आणायचं. बोथट ब्लेडने कड फाटते.